परुश्याला बोलू द्या

आमच्या किनारपट्टीवरील एका गावी फेस्ताच्या सुमारास एक लहानशी घटना घडली. गाव कोणते आणि माणसे कोण, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. असे कोठेही घडू शकते, आणि आमच्या मते थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी घडतच असते.

फेस्ताच्या रात्रीच्या कार्यक्रमासाठी त्या गावच्या दोन तरुणांनी एक एकपात्री प्रवेश लिहिला होता. त्यात बोलणारा गावातील एक प्रतिष्ठित गृहस्थ आहे. इगर्जीत पुढच्या बाकावर बसणारा, फेस्ताची वर्गणी सर्वांच्या आधी देणारा. मुंबईहून आलेल्या धाकट्या भावाशी तो घराच्या ओट्यावर बोलत बसला आहे. भाऊ रंगमंचावर दिसत नाही. त्याच्या जागी एक रिकामी खुर्ची आहे. वडिलोपार्जित घर पाडून पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत, आणि त्यासाठी भावाची सही हवी आहे. बोलता बोलता गृहस्थ आईच्या अखेरच्या दिवसांविषयी सांगू लागतो. औषधांचा खर्च किती झाला, तिची खाट मागच्या पडवीत का हलवावी लागली, रात्री ती हाका मारी तेव्हा मधले दार का लावून घ्यावे लागे, हे सारे तो आपला मोठेपणा म्हणूनच सांगतो. आपण काय सांगून बसलो हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही. भाऊ एक शब्दही बोलत नाही. शेवटी गृहस्थ पेन पुढे करतो आणि प्रवेश संपतो.

हा प्रवेश कार्यक्रमातून वगळण्यात आला. समितीने तीन कारणे दिली. पहिले, फेस्ताच्या दिवशी वाईट माणसाला रंगमंचावर आणून त्यालाच बोलू देणे शोभत नाही. दुसरे, हा गृहस्थ म्हणजे गावातील अमुकच, असे लोक म्हणतील. तिसरे, त्याला कोणी उत्तर देत नाही. मग मुलांनी यातून बोध तो काय घ्यावा? प्रवेशाच्या जागी एक समूहनृत्य बसविण्यात आले. ते चांगले झाले असे ऐकतो.

आम्ही तो प्रवेश वाचला आहे. तो नवखा आहे, काही ठिकाणी लांबलेला आहे, पण खोटा नाही. समितीतील मंडळीही खोटी नाहीत. ती आपल्याच घरची, श्रद्धाळू, कामसू माणसे आहेत. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणे आम्हांला अगत्याचे वाटते. परक्याशी कोणी वाद घालत नाही; त्याला सोडून दिले जाते.

प्रथम हा प्रकार कोणता ते पाहू. त्या तरुणांनी लिहिले ते 'स्वगत' नव्हे. स्वगतात पात्र स्वतःशी बोलते, आणि स्वतःशी बोलताना सहसा कोणी मुखवटा घालत नाही. येथे बोलणाऱ्यासमोर दुसरा माणूस बसलेला आहे. त्या माणसाकडून काही तरी मिळवायचे आहे, त्याच्यापासून काही तरी लपवायचे आहे. त्यामुळे बोलणारा शब्द निवडतो, सारवासारव करतो, आणि त्या सारवासारवीतच उघडा पडतो. एकोणिसाव्या शतकात, व्हिक्टोरिया राणीच्या काळात, इंग्रजी कवींनी हा प्रकार पूर्णत्वास नेला. इंग्रजीत त्याला ड्रमॅटिक मोनोलॉग म्हणतात. टेनिसन आणि रॉबर्ट ब्राउनिंग या दोघांनी १८३० नंतरच्या दशकात, जवळजवळ एकाच वेळी, तो हाताळला. परंतु त्याच्याशी नाव जोडले गेले ते ब्राउनिंग यांचे. त्यांची १८४२ सालची 'माय लास्ट डचेस' ही कविता अवघ्या ५६ ओळींची आहे. इटलीतील एक सरदार आपल्या दिवंगत पत्नीचे चित्र एका पाहुण्याला दाखवीत आहे. पाहुणा आला आहे तो सरदाराच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी करण्यासाठी. पहिल्या पत्नीचा दोष एवढाच की, ती सर्वांकडे पाहून सारखीच प्रसन्न हसत असे. ते हसू कसे थांबले, हे सरदार इतक्या थंडपणे सांगून जातो की वाचकाच्या अंगावर काटा येतो. आणि लगेच तो हुंड्याच्या गोष्टीकडे वळतो. कवी मध्ये येऊन एका शब्दानेही त्याला खुनी म्हणत नाही. तसे म्हणण्याची गरजच उरलेली नसते.

हे परदेशी पीक आपल्या जमिनीत कशाला, असे कोणी विचारील. ते आपल्या जमिनीत रुजून शंभरांहून अधिक वर्षे झाली आहेत, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसते. ब्राउनिंग १८८९ च्या डिसेंबरात व्हेनिस येथे निधन पावले. त्याच वर्षीच्या जानेवारीत पुण्यास शंकर काशीनाथ गर्गे यांचा जन्म झाला होता. पुढे शिक्षक झालेल्या या गृहस्थांनी ब्राउनिंग यांच्या या कविता वाचल्या, आणि १९११ पासून 'दिवाकर' या नावाने मराठी गद्यात एक नवाच प्रकार लिहावयास आरंभ केला. तीच आपली नाट्यछटा. दिवाकरांनी अशा पन्नासएक नाट्यछटा लिहिल्या आणि १९३१ साली, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. 'पंत मेले, राव चढले' हे त्यांच्या एका नाट्यछटेचे शीर्षक तर मराठीत म्हणीसारखे रुळले आहे. एकाचे मरण ही दुसऱ्याची बढती कशी होते, हे सांगण्यासाठी आज आपण ते शब्द वापरतो, आणि ते कोणाचे हे विसरून गेलेलो असतो.

दिवाकरांनी छंद टाकला आणि घरातली, आळीतली, कचेरीतली बोली घेतली. इटलीतील सरदाराच्या जागी त्यांनी पुण्यातील मध्यमवर्गीय माणूस आणला. परके बीज असे आपल्या मातीत उतरते. आम्हां ख्रिस्ती मराठी वाचकांना याचे नवल वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात आले, आणि त्यांनी ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी घेऊन ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली प्रथम छापले गेले. एका इंग्रजाने मराठीचा छंद घेऊन आपल्याला पुराण दिले. तीन शतकांनी एका मराठी शिक्षकाने इंग्रजांचा एक प्रकार घेऊन आपल्याला नाट्यछटा दिली. या देवाणघेवाणीत कोण कोणाचा ऋणी, हा हिशेब ज्याला मांडायचा असेल त्याने मांडावा. शिवाय दुसऱ्याच्या तोंडाने बोलण्याची कला मराठीला अगदीच नवी होती असेही नाही. संत एकनाथांच्या भारुडांत वासुदेव बोलतो, जोशी बोलतो, विंचू चावलेला माणूस बोलतो. आमच्या मालवणी मुलखात जत्रेच्या रात्री दशावतारी नट लिखित संहितेवाचून पहाटेपर्यंत राजा, राक्षस आणि ऋषी होऊन बोलत असतो. त्याला कोणी विचारीत नाही, की बाबा, तू राक्षसाला एवढे का बोलू दिलेस?

आता समितीच्या आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, वाईट माणसाच्या तोंडी रंगमंच देऊ नये.

या आक्षेपाला ब्राउनिंग यांच्या आधी आणि दिवाकरांच्या आधी उत्तर देऊन ठेवले आहे ते स्वतः प्रभू येशूने. संत लूकच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय उघडावा. दोघे जण मंदिरात प्रार्थनेस जातात. एक परुशी आणि एक जकातदार. प्रभू परुश्याचे वर्णन करीत बसत नाही. तो ढोंगी होता, गर्विष्ठ होता, असे सांगून मोकळा होत नाही. तो परुश्याला बोलू देतो. परुशी उपकारस्तुती करतो, आपले उपवास मोजतो, आपले दशांश मोजतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराकडे तिरका कटाक्ष टाकून आपण तसे नाही याबद्दल देवाचे आभार मानतो. त्याच्या मते ती प्रार्थना आहे. ऐकणाऱ्याला तो आपल्याच तोंडाने आपल्यावर आरोपपत्र वाचीत असल्याचे दिसते. ऐकणारा साक्षात देव आहे, आणि देव मध्ये एक शब्दही बोलत नाही. ड्रमॅटिक मोनोलॉग म्हणून व्हिक्टोरियन कवींनी जे घडविले, त्याचा सारा सांगाडा या चार ओळींच्या प्रार्थनेत आहे.

आणि हा एकच दाखला नाही. बाराव्या अध्यायात धनवान मूर्ख नवी कोठारे बांधण्याचा बेत करतो आणि आपल्याच जिवाला निश्चिंत होण्यास सांगतो. सोळाव्या अध्यायात अन्यायी कारभारी, नोकरी जाणार म्हटल्यावर, खणण्याची ताकद नाही आणि भीक मागण्याची लाज वाटते असा हिशेब मनाशी करतो. पंधराव्यात उधळा पुत्र बापाला काय सांगायचे, ते डुकरांच्या सहवासात मनात घोळवून ठेवतो. प्रभूने पापी माणसांना आपल्या दाखल्यांत बोलू दिले, कारण माणूस आपल्याविषयी काय म्हणतो यातच तो कोठे चुकला आहे ते दिसते. रविवारी हे दाखले आपण उभे राहून, आदराने ऐकतो. मग त्याच संध्याकाळी, इगर्जीच्या मोकळ्या आवारात, एका मालवणी परुश्याने दहा मिनिटे बोलले, तर फेस्त कसे बाटते?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्याला आम्ही हसण्यावारी नेणार नाही. आमचे देवबाग म्हणजे एका बाजूस कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. एका ओट्यावर जरा आवाज चढला तर शेजारच्या माडाखाली ऐकू जातो. पर्यटक येऊ लागल्यापासून येथील हातभर जमिनीलाही मोल आले आहे, आणि तीच जमीन पावसाळ्यात समुद्र खात असतो. अशा ठिकाणी भावाभावांतील घराचा, वाटणीचा, सहीचा विषय काढला की प्रत्येक घराला आपलेच बोलणे चालले आहे असे वाटणार. खेड्यात बदनामी ही पुण्या-मुंबईतल्यासारखी चार दिवसांत विरून जात नाही. ती नातवंडांपर्यंत पोहोचते. लहानांना अडखळण करणाऱ्याविषयी प्रभूने किती कठोर शब्द वापरले आहेत, हेही आम्ही विसरलो नाही.

परंतु येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होत आहे. एक आहे टवाळी आणि दुसरी नाट्यछटा. टवाळीत एका माणसाला निवडून त्याच्या लकबी, त्याचे चालणे, त्याचे अडखळणे उचलले जाते, आणि प्रेक्षकांना त्याच्याकडे बोट दाखवून हसावयास सांगितले जाते. असे लिखाण फेस्ताला काय, कोठेही नको. समितीने ते वगळले असते तर आम्ही समितीचे अभिनंदन केले असते. नाट्यछटेचे काम याच्या उलट आहे. तिच्यात बोलणाऱ्याला त्याची उत्तमांत उत्तम कारणे द्यावी लागतात. त्या तरुणांच्या प्रवेशातील गृहस्थ राक्षस नाही. औषधांचा खर्च खरोखरच झाला होता. धाकटा भाऊ खरोखरच मुंबईत होता आणि पत्रांपलीकडे त्याने काही पाठविले नव्हते. रात्रभर जागून सकाळी मासे उतरवायला जाणाऱ्या माणसाला झोपेची गरज असते. ऐकता ऐकता आपण मान डोलावू लागतो. 'खरे आहे बिचाऱ्याचे' असे म्हणू लागतो. आणि तेवढ्यात त्या मधल्या दाराची कडी वाजते. रॉबर्ट लँगबॉम या अमेरिकन समीक्षकाने १९५७ साली या प्रकाराचे वर्म हेच सांगितले आहे : बोलणाऱ्याविषयी सहानुभूती आणि त्याच्याविषयीचा न्याय, या दोहोंची ओढाताण ऐकणाऱ्याच्या मनात एकाच वेळी चालू राहते. ज्या लिखाणात ही ओढाताण आहे, ते ऐकून घरी जाणारा माणूस 'हा अमुक' असे म्हणत नाही. त्याला आपल्या घरातले एखादे दार आठवते.

प्रवेशातला गृहस्थ गावातील अमुकच, असे चार जणांना वाटले असेल तर त्या चौघांनी आधी एकमेकांना विचारून पाहावे. प्रत्येकाचा अमुक निराळा निघेल अशी आमची खात्री आहे. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला तेव्हा त्याने एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली. नाव कोणाचेच घेतले नाही. दावीद संतापला, त्याने गोष्टीतील श्रीमंताला शिक्षा फर्मावली, आणि तेव्हाच त्याला कळले की तो श्रीमंत आपणच. नाथानाने समितीची परवानगी मागितली असती तर ती गोष्ट आजही सांगावयाची राहिली असती.

तिसरा आक्षेप असा की, या गृहस्थाला कोणी उत्तर देत नाही, म्हणून बोध नाही. आमच्या मते सर्वांत मोठी चूक येथे आहे; आणि तिला शाळांतील नाट्यछटास्पर्धांनी खतपाणी घातले आहे.

या स्पर्धा पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की, आज नाट्यछटा म्हणजे काय झाले आहे. आठनऊ वर्षांचे मूल आजीची साडी नेसून किंवा आजोबांचा चष्मा लावून येते, हातात खोटा फोन धरते, डोळे मोठे करून बोबडे बोलते, आणि शेवटी प्रेक्षकांकडे वळून पाणी वाचवा, झाडे लावा, मोबाइल कमी वापरा, असा उपदेश करून नमस्कार करते. मुलांचा यात दोष नाही. ती बिचारी पाठ केलेले म्हणतात. दोष आहे मोठ्यांचा. ज्या क्षणी पात्र प्रेक्षकांकडे वळून तात्पर्य सांगते, त्या क्षणी नाट्यछटा मरते आणि भाषण सुरू होते. दिवाकरांनी पन्नासएक वेळा जे करून दाखविले ते आपण इतके विसरलो आहोत की, आता खरी नाट्यछटा समोर आली तर 'उत्तर कोठे आहे?' असे विचारतो.

उत्तर त्या रिकाम्या खुर्चीत आहे. भाऊ बोलत नाही, कारण तेथे प्रेक्षकाने बसावयाचे आहे. आणि हे मौन आपल्या उपासनेला अपरिचित नाही. गुड फ्रायडेच्या विधीत क्रुसाचे वंदन चालू असताना जी प्राचीन गीते गाण्याची परंपरा आहे, त्यांत क्रुसावरील प्रभू स्वतः आपल्या प्रजेशी बोलतो. आपण काय केले आणि प्रजेने काय केले, हे तो एकेक करून विचारीत जातो. प्रजा त्याच्या प्रश्नांना उत्तर देत नाही; ती दयेची याचना करते. ती प्रजा म्हणजे दूर कोठले लोक नव्हेत. ते आपणच, क्रुसाचे चुंबन घेण्यासाठी रांगेत उभे असलेले. गोव्यात आणि गोव्याच्या परंपरेत वाढलेल्या गावांत त्याच दिवशी वेरोनिका होऊन एक मुलगी उभी राहते, हातातील वस्त्र उलगडते आणि वाटेने जाणाऱ्यांना उद्देशून लॅटिनमध्ये शोकगीत गाते. तिलाही कोणी उत्तर देत नाही. त्या शांततेत बोध नव्हता असे कोण म्हणेल? एकाने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे, आणि उत्तर ज्याचे त्याने घरी जाऊन द्यावे, ही रीत आमच्या हाडींमासी मुरलेली आहे. केवळ रंगमंचावर ती आली की आपण बावरतो.

येथे आणखी एक आक्षेप आम्हीच मांडतो, कारण तो मनात असूनही समितीने मांडला नाही. ब्राउनिंग हे प्रॉटेस्टंट घरातले, त्यांनी आपल्या पाळकांची आणि महागुरूंची यथेच्छ निंदा केली. त्यांच्या वाटेने आमच्या मुलांनी का जावे?

यात तथ्य आहे, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. त्यांच्या एका कवितेत स्पेनमधील मठातला साधू आपल्या मठबंधूच्या फुलझाडांवरूनही जळत असतो. १८४५ सालच्या दुसऱ्या एका कवितेत रोममधील एक महागुरू मरणशय्येवर आत्म्याची चिंता सोडून आपल्या थडग्याचा दगड कोणता असावा याची तजवीज करीत असतो. १८५५ सालच्या 'बिशप ब्लोग्रॅम्स अपॉलॉजी'तील महागुरू कार्डिनल वाइझमन यांच्यावर बेतलेले आहेत असे मानले जाते. वाइझमन हे १८५० साली वेस्टमिन्स्टरचे पहिले आर्चबिशप झाले होते. त्या काळच्या इंग्लंडात कॅथलिकांविषयी जो आकस होता त्याचा वास या कवितांना येतो. पण तेवढाच येतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्तंभावर राहणाऱ्या संत सिमिओनच्या तोंडी भक्तीबरोबर अहंकारही घालणारे टेनिसन काही केवळ कॅथलिकांना चिडविण्यासाठी लिहीत नव्हते. धार्मिक माणसाला जडणारा रोग त्यांना दाखवायचा होता, आणि तो रोग कोणत्याही एका पंथाची मिरास नाही.

शिवाय ब्राउनिंग यांची सर्वांत मोठी कृती कोणती? १८६८-६९ मध्ये प्रसिद्ध झालेली 'द रिंग अँड द बुक'. १६९८ साली रोममध्ये गाजलेल्या एका खून खटल्याची ही कथा आहे. गुइदो फ्रान्चेस्किनी नावाच्या सरदाराने आपल्या तरुण पत्नीचा, पोम्पिलियाचा, खून केला. त्या खटल्याची जुनी कागदपत्रे ब्राउनिंग यांना १८६० साली फ्लॉरेन्सच्या बाजारात सापडली. त्यांनी बारा भागांचे, एकवीस हजारांहून अधिक ओळींचे काव्य रचले. मधल्या दहा भागांत नऊ जण बोलतात : अर्धे रोम एका बाजूचे, अर्धे दुसऱ्या बाजूचे, वकील, मरणोन्मुख पोम्पिलिया, आणि खुनी तर दोनदा. या साऱ्या गलबल्यात ज्यांचा आवाज निर्मळ लागतो त्यांत एक कॅथलिक धर्मगुरू आहे, पोम्पिलियाला वाचविण्यासाठी आपली अब्रू पणाला लावणारा काप्पोनसाक्की. आणि दुसरे आहेत परमगुरुस्वामी इनोसंट बारावे. गुइदोने धर्मसेवेची प्राथमिक दीक्षा घेतलेली असल्यामुळे त्याने त्यांच्याकडे दाद मागितली होती. वृद्ध परमगुरू एकांतात सारा पुरावा तोलतात, स्वतःलाही तोलतात, आणि आपल्या झग्याचा आडोसा खुन्याला देण्याचे नाकारतात. आपल्या काळात जगभरातील ख्रिस्तसभेला जे कठोर आत्मपरीक्षण करावे लागले आहे, ते ज्याने वर्तमानपत्रांत वाचले असेल त्याने हा भाग वाचावा. हा शत्रूने लिहिलेला नाही.

आणि गुइदो? दुसऱ्यांदा बोलताना, मृत्यू दाराशी आल्यावर, त्याचे सारे युक्तिवाद गळून पडतात, आणि शेवटच्या श्वासाला तो ज्या पत्नीचा खून केला तिच्याच नावाने वाचवण्यासाठी हाक मारतो. कवीने त्याला एवढे बोलू दिले नसते, तर ती हाक आपल्याला ऐकू आली नसती. पापी माणसाला बोलू देण्याचे हे फळ आहे.

आपल्याच घरातील उदाहरण हवे असेल तर कार्डिनल न्यूमन आहेत. २०१९ साली त्यांना संत म्हणून घोषित करण्यात आले. त्यांनी १८६५ साली 'द ड्रीम ऑफ गेरोन्शियस' लिहिले. त्याच्या आरंभी एक म्हातारा मरणशय्येवरून बोलतो. त्याला भीती वाटते, आपण विरघळून चाललो आहोत असे वाटते, आणि ती भीती तो झाकीत नाही. न्यूमन यांनी त्याच्या तोंडी केवळ शौर्याची वाक्ये घातली असती, तर आजवर कोणा मरणाऱ्याला त्या काव्याचा आधार वाटला असता का?

पापनिवेदनाच्या संस्काराशी या प्रकाराचे काय नाते, हाही विचार आमच्या मनात येतो. तेथेही एक बोलतो आणि दुसरा ऐकतो. पण साम्य येथेच संपते. पापनिवेदनात माणूस आपले पाप ओळखून ते सांगतो, आणि त्याला क्षमा मिळते. नाट्यछटेतील माणूस आपले पाप न ओळखता सांगतो, आणि क्षमा देणारे तेथे कोणी नसते. म्हणूनच ती पाहताना आपल्याला अस्वस्थ वाटते. ही अस्वस्थता घेऊन माणूस शनिवारी संध्याकाळी पापनिवेदनाच्या जाळीपाशी येऊन गुडघे टेकील, तर फेस्ताच्या रात्रीने आणखी काय साधावयाचे? समूहनृत्य पाहून कोणी तेथवर गेल्याचे आम्हांला आठवत नाही. नृत्याला आमचा विरोध नाही. पण जे काम त्याचे नव्हे ते त्याच्यावर लादू नये.

तेव्हा आमचे मागणे सरळ आहे. धर्मग्रामांच्या सांस्कृतिक समित्यांनी टवाळी आणि नाट्यछटा यांत भेद करावा. तरुणांनी जे लिहिले आहे ते वगळण्यापूर्वी त्यांना बसवून वाचून घ्यावे, कोणा जिवंत माणसाची खूण त्यात राहिली असेल तर ती काढावयास सांगावी, आणि मग ते होऊ द्यावे. शाळाशिक्षकांनी दिवाकर पुन्हा वाचावेत आणि शेवटचे उपदेशाचे वाक्य कापण्याचे धैर्य करावे. आणि तरुणांनी आमचे एक ऐकावे : ज्याच्यावर राग आहे त्याच्याविषयी लिहू नका. जो आपल्याला थोडाफार आवडतो, ज्याच्या जागी उद्या आपण असू शकू, त्याच्याविषयी लिहा. त्याला त्याची मालवणी द्या, त्याची कारणे द्या, त्याचे दुखरे गुडघे आणि न फिटलेले कर्जही द्या. मग त्याला बोलू द्या.

त्या दोघा तरुणांपैकी एक पुढे नोकरीनिमित्त आखातात गेला असे कळते; दुसरा गावीच आहे. प्रवेशाचे कागद त्याने ठेवले आहेत. पुढील फेस्ताच्या समितीने ते मागून घ्यावेत. आणि त्या रात्री रंगमंचावरच्या रिकाम्या खुर्चीत कोण बसले आहे असे वाटेल, ते प्रत्येकाने आपल्यापाशी ठेवावे. शेजाऱ्याला सांगू नये. शेजाऱ्याकडे पाहून देवाचे आभार मानणारा एक जण मंदिरात होऊन गेला आहे. तो घरी कसा गेला, हे आपण सर्व जाणतो.